घंटेवरची दुसरी ओळ

मार्च लागला की आमच्या खिडकीचे गज खारट होतात. कपडे वाळत घालताना हात गजांना लागतो, तोच हात मग चुकून ओठाला लागतो आणि कळतं. भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कच्या पुढे खाडीकडे जी मिठागरं अजून उरलीत, त्यांच्यावरून दुपारभर वारा येत राहतो. पाच वर्षांपूर्वी मिठाचे ढीग आमच्या दारातून सरळ दिसायचे. आता मध्ये इमारती आल्यात. ढीग दिसत नाहीत, वारा मात्र इमारतींच्या मधून वाट काढून येतो.

यंदा माझी एम.ए.ची परीक्षा आहे, बाहेरून. सकाळी एका क्लासमध्ये सातवी-आठवीच्या मुलांना इतिहास शिकवते आणि दुपारी स्वतःचा इतिहास घेऊन बसते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे माझ्या परीक्षेचा घरात अजूनही दरारा आहे. टीव्हीचा आवाज कमी होतो. आई भांडी हळू ठेवते. मी पुस्तक उघडून बसते आणि पुष्कळदा काहीच वाचत नाही.

परवा पेपरात एक बातमी होती. परदेशातल्या कुठल्याशा संग्रहालयातून एक जुनी मूर्ती परत येतेय. तीन कॉलमी फोटो. कोट घातलेली माणसं, मध्ये लाकडी खोका. मूर्ती किती उंच, कोणत्या दगडाची, कोणी सही केली, कोण काय म्हणालं, सगळं दिलं होतं. मी दोनदा वाचलं. ती मूर्ती इथून गेली कशी, ते कुठेच नव्हतं. कोणत्या देवळातून काढली, कोणी काढली, तेव्हा त्या गावात कोण होतं, कोणी अडवलं का, की कोणी खालून हात लावून उचलायला मदतच केली. बातमी वाचून वाटावं, मूर्ती एक दिवस स्वतःच उठून चालू लागली आणि आता कंटाळून घरी परत आली.

मला राग यायला हवा होता. आला नाही. मी पेपरची घडी केली आणि गादीखाली सरकवली. कारण तशी एक बातमी मीही लिहिलेली आहे.

ते त्र्याण्णव साल. माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष. त्या हिवाळ्यात मुंबईत दंगली झाल्या होत्या. आमच्याकडे त्यामानाने कमी, पण दुकानं बंद असायची, आणि बाबा कामाला जायचे तो भांड्यांचा गाळाही कितीतरी दिवस बंद होता. बाबा बफिंगचं काम करतात. स्टीलच्या पातेल्याला, डब्याला आधी एमरीच्या चाकावर घासून ओरखडे काढायचे, मग कापडी चाकावर पॉलिश. चाक फिरताना जी काळी धूळ उडते ती त्यांच्या पापण्यांत बसते. त्या दिवसांत ते घरी बसून होते आणि त्यांचे डोळे इतके स्वच्छ दिसत होते की मला ते दुसरेच कोणीतरी वाटायचे. घरात कोणी फारसं बोलत नव्हतं. भीती वाटत होती असंही नाही. हातपाय बधिर व्हावेत तसं मन झालं होतं. चिमटा काढला तरी उशिरा कळावं तसं.

फेब्रुवारीत गाळा सुरू झाला. मिठागरातल्या बाया पुन्हा डोक्यावर टोपल्या घेऊन बांधावरून जाऊ लागल्या. आणि सगळ्यांनाच काहीतरी चांगलं करून दाखवायची घाई झाली. सलोख्याच्या सभा, एकतेच्या फेऱ्या. त्यातच आमच्या गावची घंटा आली.

आमचं गाव रत्नागिरीकडचं. गावात जेवढी माणसं, त्याहून जास्त मुंबईत आणि इकडे भाईंदरला. त्यांचं मुंबईकर मंडळ आहे. ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार काढला होता, नवी मोठी घंटा कोणीतरी अर्पण केली, म्हणून जुनी उतरवली. ती लहान, दोन माणसांनी उचलावी एवढी, तेलाने आणि शेंदराने काळी झालेली. उतरवल्यावर वरच्या बाजूला सगळ्यांना एक क्रूस दिसला. इतकी वर्षं ती डोक्यावर टांगलेली होती, सगळ्यांनी वाजवली, वर मान करून कोणी पाहिली नव्हती.

मंडळाची बैठक आमच्याच घरात झाली, कारण आमची खोली तळमजल्यावर. अध्यक्ष सावंतकाका म्हणाले, "आपण राहतो भाईंदरला. इथे उत्तनपर्यंत चर्चच चर्च. एखाद्या चर्चला देऊन टाकूया. आत्ताच्या वातावरणात चांगला मेसेज जातोय."

"देवाची वस्तू, देवाला विचारल्याशिवाय?" बाबा म्हणाले.

"विचारू ना. कौल लावू."

बाबाच दोन दिवसांची रजा टाकून गावी गेले. गुरवाने देवीला पाकळ्या लावल्या. घंटा ज्याची त्याला द्यायची तर उजवा दे, असं गाऱ्हाणं घातलं. अर्धा तास सगळे पाकळ्यांकडे बघत बसले. उजवा पडला, म्हणजे देवी हो म्हणाली. बाबा घंटा गोणीत घालून एसटीने घेऊन आले. कंडक्टरने विचारलं, "हिचं तिकीट?" बाबा म्हणाले, "देवीची आहे." कंडक्टर म्हणाला, "मग खिडकीजवळ बसवा, उलटी-बिलटी होईल." ही गोष्ट बाबांनी आम्हाला इतक्यांदा सांगितली की आई पुढचं वाक्य आधीच म्हणायची.

घंटा आमच्या घरात दहा-बारा दिवस होती. कपाटाच्या शेजारी, चटईवर. आई रोज तिच्यापुढे उदबत्ती लावायची. मी तिच्या शेजारी बसून मराठ्यांच्या इतिहासाच्या नोट्स पाठ करायचे.

गावात सांगतात, ही घंटा कोळ्यांच्या जाळ्यात आली. देवीने स्वप्नात येऊन मागून घेतली. लहानपणी मी हेच ऐकलं होतं आणि मला ते आवडायचंही. पण कॉलेजच्या लायब्ररीत एका जाड पुस्तकाच्या तळटिपेत निराळंच होतं. मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून साष्टी घेतली, मग वसई घेतली, तेव्हा चर्चच्या घंटा उतरवून विजयाची खूण म्हणून नेल्या. ज्यांनी त्या नेल्या त्यांनी आपापल्या देवळांत बांधल्या. आपण राहतो त्या भाईंदरपासून चार-पाच मैलांवर, चौकच्या डोंगरावरच्या किल्ल्यासाठी कितीतरी दिवस माणसं मरत होती. त्या फौजेत आमच्या गावचाही कोणी असणार. कदाचित आमच्याच आडनावाचा. आणि त्याच्याही आधी याच मुलखात पोर्तुगिजांनी देवळं पाडली होती, हेही त्याच पुस्तकात, चार पानं अलीकडे होतं. गोष्ट कुठून सुरू करायची तेच मला ठरवता येईना. जिथून सुरू करावी तिथे तिच्याआधी कोणीतरी कोणाचं तरी काहीतरी घेतलेलं होतं.

हे मी घरी बोलले नाही. कॉलेजातलं काही घरी सांगायला मला लाज वाटायची. बाबा चौथीत शाळेतून निघाले, आई तर गेलीच नाही. मी तळटीप म्हणजे काय हे सांगायला लागले असते तर तो मोठेपणा झाला असता. म्हणून मी गप्प बसायचे आणि ते समजायचे की मी अभ्यासाने थकले आहे.

माझ्या वर्गात उत्तनजवळच्या पाली गावची फिलोमिना होती. तिला मी घंटेचं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, आमच्या आज्याला सांगू नकोस, तो झोपायचा नाही." आणि त्याच शनिवारी मला घरी घेऊन गेली.

तिचे आजोबा, इनासआजोबा, पूर्वी मच्छीमारीला जायचे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यामुळे ओटीवर बसून जाळं हातानेच चाचपून विणत होते. गल्ली इतकी अरुंद की समोरून स्कूटर आली की त्यांना पाय आत घ्यावे लागायचे. फिलोमिनाने सांगितल्यावर त्यांनी सुई खाली ठेवली.

"आमची हाय ती."

"आजोबा, इथे इतकी चर्च आहेत. पालीचीच कशावरून?"

"माज्या आज्यानं सांगितलं मना. त्याला त्याच्या आज्यानं. पालीची घंटा उतरवून घाटी लोकांनी नेली. तिच्यावर लिवलेलं व्हतं, दोन ओळी. वर आईचं नाव, खाली गावाचं. तू बग लिवलेलं हाय का. हाय तर आमची."

"घाटी नाही, आम्ही कोकणातले," मी उगाचच म्हणाले.

"त्यावेलेला आमाला सगले घाटीच," ते म्हणाले आणि खळखळून हसले. मग हसणं एकदम थांबवून म्हणाले, "पोरी, मना दिसत न्हाय. तू वाचून ये. मी कोनावर इश्वास ठेवत न्हाय, पन तू शिकलेली हायस."

त्या वाक्याचं ओझं मला आजही वाटतं. शिकलेली असण्याचं दुसरं काही काम मला तोवर कोणी दिलं नव्हतं.

इकडे मंडळाने परस्पर मुख्य रस्त्यावरचं एक मोठं चर्च ठरवून टाकलं होतं. कारण साधं होतं. समारंभाला पुढारी येणार होते, त्यांची गाडी पालीच्या गल्लीत शिरली नसती, आणि त्या चर्चपुढे मैदान होतं. मी धीर करून तिथल्या फादरना भेटले. भले गृहस्थ. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घंटेवर पालीचं नाव असेल तर मी स्वतः पालीला पोचवीन. नसेल तर इथेच राहू दे. नुसत्या सांगण्यावर दिली तर उद्या सहा गावं येतील." म्हणजे सगळं त्या दोन ओळींवर होतं.

घरी येऊन मी घंटा खिडकीजवळ ओढली. वरच्या पट्टीला अक्षरं होती. ओतलेली नव्हती, कोणीतरी नंतर टोकदार हत्याराने बारीक कोरलेली, झिजलेली. पहिली ओळ मी वहीत उतरवून घेतली. इंग्रजीसारखीच अक्षरं, पण शब्द कळेनात. दुसऱ्या दिवशी आमच्या सरांनी बघितलं आणि सांगितलं, मरियेचं नाव आहे, पुढे साल आहे. वर आईचं नाव. आजोबा म्हणाले होते तसंच.

दुसरी ओळ खाली, कडेजवळ होती. तिथे तेल, शेंदूर आणि धूर यांचा जाड थर बसलेला. मी नखाने खरवडलं, केसांच्या पिनेने खरवडलं. एक उभी रेघ दिसली, तिच्या बाजूला थोडा बाक. ते पालीचं पहिलं अक्षर असू शकत होतं, आणखी कशाचंही असू शकत होतं. पिनेने अक्षरावरच चरा पडेल म्हणून मी थांबले. आणि मग जे सुचलं ते मला त्या वेळी फार शहाणपणाचं वाटलं. घरात घासण्या-पुसण्यातला सगळ्यात हुशार माणूस होताच.

"बाबा, घंटा जरा साफ करून द्याल का?"

"मी तेच म्हणणार होतो," बाबा म्हणाले. "एवढी काळी घंटा कशी द्यायची? गावाची इज्जत जाईल."

मी अक्षरांचं सांगितलं नाही. सांगायचं तर पाली, वसई, तळटीप, सगळंच सांगावं लागलं असतं. मला वाटलं, चिंच आणि राख लावून घासतील, आई देव घासते तसे. मी लायब्ररीत निघून गेले.

संध्याकाळी परत आले तर बाबा दारातच उभे. चेहरा काळा, पापण्या काळ्या, दात पांढरे. सावंतकाकांच्या टेम्पोतून ते घंटा गाळ्यावर घेऊन गेले होते. शेटला विचारून, सुट्टी झाल्यावर, स्वतःच्या चाकावर. आधी एमरी, मग कापड, मग पॉलिशचा साबण. चटईवर घंटा सोन्यासारखी झळकत होती. तिच्यात आमची खोली दिसत होती, ट्यूबलाइट वाकडी झालेली, मी पण वाकडी.

"बघ," बाबा म्हणाले. "खाली-वर सगळीकडे ओरखडे होते. पार खोल गेलेले. ते पण काढून टाकले."

मी खाली बसले. घंटेवरून हात फिरवला. वर, खाली, आतून. क्रूस होता, तो ओतलेला होता म्हणून. बाकी पाण्यासारखं गुळगुळीत.

"आवडली?"

"हो," मी म्हणाले.

रडू आलं नाही. जेवले. बाबांनी त्या दिवशी अंघोळीला जास्त वेळ लावला आणि आतून गाणं गुणगुणत होते. दंगलींनंतर ते पहिल्यांदाच गुणगुणले होते. मी त्यांना कसं सांगणार होते? ओरखडा काढणं हेच त्यांचं वीस वर्षांचं काम. पातेल्यावर एक ओरखडा राहिला तर शेट माल परत पाठवतो. खरं तर चूक माझीच होती, आणि ती घासण्यात नव्हती. ज्या माणसाच्या कष्टावर मी शिकले त्याला माझं शिकलेलं एक वाक्यही मी सांगितलं नव्हतं.

समारंभ परीक्षेच्या आधीच्या रविवारी झाला. मांडव, माइक, शाली. पुढारी उशिरा आले आणि लवकर गेले. मंडळाच्या बायका एकसारख्या साड्या नेसून आल्या होत्या. फादर साधेपणाने चार शब्द बोलले, खूप आभार मानले. मग लोक घंटेभोवती जमले. फिलोमिनाचा हात धरून इनासआजोबाही आले होते, कोट घालून. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. दोन्ही तळहात घंटेवर ठेवले आणि बोटं वरच्या पट्टीवरून सावकाश फिरवत आणली. मग खालच्या कडेवरून. पुन्हा वरून. मी हातभर अंतरावर उभी होते.

"गुळगुळीत हाय," ते म्हणाले.

फिलोमिनाने माझ्याकडे पाहिलं. मी घंटेकडे पाहिलं.

"ही न्हाय आमची," आजोबा म्हणाले. "आमच्या घंटेवर लिवलेलं व्हतं. ही कोनाची दुसऱ्यांचीच." आणि मग फादरना शोधून, त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "ठेवा तुमी. तुमचीच असंल."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. पण पलीकडे बाबा उभे होते, धुतलेल्या शर्टात, आणि लोक त्यांना म्हणत होते, "काय चमकवलीय हो!" तो क्षण मी तसाच जाऊ दिला. त्यानंतर असे पुष्कळ क्षण आले. तेही गेले.

बातमी लिहायचं काम माझ्याकडेच होतं. पश्चिमेला एका छापखान्यातून चार पानी साप्ताहिक निघायचं. मालक आणि संपादक एकच, देसाईकाका. लग्नपत्रिका छापून उरलेल्या वेळात ते साप्ताहिक छापत. मी दोन पानं लिहून नेली. घंटा कशी नेली गेली ते लिहिलं होतं, त्याआधीची देवळं लिहिली होती, पालीच्या लोकांची आठवण लिहिली होती, देवीचा कौल लिहिला होता. पॉलिशचं लिहिलं नव्हतं.

देसाईकाकांनी चष्मा वर केला. "ताई, हे लूट-लूट काय लावलंय?"

"काका, तसंच झालं होतं."

"झालं असेल. मी कुठे नाही म्हणतोय? पण दोन महिन्यांपूर्वी इथे लोक शटरं ओढून आत बसले होते. आणि मी आता छापू, अमक्याने तमक्याची घंटा लुटली, तमक्याने त्याआधी देऊळ पाडलं? उद्या कोणी येऊन माझी मशीन फोडली तर तू येणार आहेस जुळवायला?"

तो माणूस भित्रा नव्हता, खोटारडाही नव्हता. त्यांनी लाल पेन्सिलीने रेघा मारल्या आणि कंपोझिटरला हाक मारली, "अरे, अकरा ओळी बसतील का बघ. खाली लोणच्याची जाहिरात आहे." कौलही गेला, कारण अंधश्रद्धा. राहिलं एवढंच, की एका गावाने आपल्या देवळातली जुनी घंटा चर्चला प्रेमाने भेट दिली, घंटा लखलखीत होती आणि उपस्थितांचे डोळे पाणावले. माझे पाणावले नव्हते.

तेव्हा मला देसाईकाकांचा राग आल्यासारखं वाटलं होतं. आता कळतं, मला सुटल्यासारखं वाटलं होतं. त्यांनी इतकं काढून टाकलं होतं की मी काय गाळलं होतं ते कोणाला दिसणारच नव्हतं. बाबांनी ते कात्रण प्लॅस्टिकमध्ये घालून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

परीक्षेत साष्टी-वसईच्या मोहिमेवर प्रश्न आला. कारणे, घटना, परिणाम. मी तिन्ही मथळ्यांखाली लिहिलं, पुरवणी घेतली, सुबक अक्षरात. परिणामांत घंटा नव्हती, कारण ती पुस्तकातल्या परिणामांत नव्हती. चांगले गुण मिळाले. बाबांनी पेढे वाटले.

नंतरची वर्षं मला सलग आठवत नाहीत. मिठाचे ढीग रचले जायचे, पावसाआधी गवताने शाकारले जायचे. मध्ये इमारती उभ्या राहिल्या. फिलोमिना लग्न होऊन गेली. तिने मला कधीच काही विचारलं नाही, म्हणून मीही तिला पत्र लिहिलं नाही. उत्तनकडे जाताना राई गावाच्या पुढे ते मोठं चर्च लागतं. बस तिथून जाते तेव्हा मी पिशवीत काहीतरी शोधते.

परवाची ती बातमी वाचून मी पेपर गादीखाली सरकवला, आणि शनिवारी क्लास सुटल्यावर पालीला गेले. ठरवून नव्हे. वही मात्र घेतली होती, पहिल्या ओळीची.

इनासआजोबा आता आत खाटेवरच असतात. मोतीबिंदू काढलाय, पण एकाच डोळ्याचा. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, थांबले असते तर राहिलं असतं. पहिली ओळ वाचून दाखवली. वर आईचं नाव. मग चाक, एमरी, सगळं.

सुनेने पाणी आणून ठेवलं ते तसंच राहिलं.

"म्हंजे लिवलेलं व्हतं."

"होतं."

"खाली पाली व्हतं?"

इथे हो म्हणणं किती सोपं होतं. त्या माणसाला किती दिवस राहिलेत? कोणाचं नुकसान होणार होतं?

"मी वाचलं नव्हतं, आजोबा. एक रेघ दिसली होती आणि थोडा बाक. कळलं नाही."

"बाक," ते म्हणाले. त्यांनी बोटाने चादरीवर एक उभी रेघ काढली आणि तिच्या बाजूला बाक. मग पुसल्यासारखा हात फिरवला. "बरं. लिवून दे मना. फादरला देऊ. घंटा न्हाय मागनार, पन कागद राहू दे तितं."

मी लिहिलं. घंटेवर दोन ओळी होत्या, पहिली अशी, दुसरी वाचता आली नाही, समारंभापूर्वी साफ करताना दोन्ही पुसल्या गेल्या. खाली सही केली आणि वाचून दाखवलं.

"कोनी साफ केली?"

मी पेनाला टोपण लावलं.

"ते न्हाय लिवलंस. मंग पुढं जो वाचील, त्याला काय कलनार? आपसुक पुसली?"

"आजोबा, बाबांना माहीतच नाही. त्यांना वाटतं त्यांनी..."

"त्यात काय, त्यानं चोरी केली काय? काम केलं. लिव."

मी दुसरा कागद घेतला. बाबांचं नाव लिहिलं, गावासकट, धंद्यासकट. त्यांना अक्षरं वाटली नाहीत, ओरखडे वाटले. ती अक्षरं आहेत हे माहीत असलेली व्यक्ती एकच होती, तिने सांगितलं नाही. तिथे माझं नाव लिहिलं. आजोबांनी खाली सही केली, साक्षीदार म्हणून.

तो कागद मी त्या मोठ्या चर्चमध्ये नेला; तिथे फादर आता दुसरे आहेत. त्यांनी कागद वाचला, विचारपूस केली आणि फाइलला लावला. घंटा आहे तिथेच राहणार. नाव कोणीच वाचलेलं नाही, त्यामुळे देणार कोणाला?

त्याच कागदाची दुसरी प्रत लिहून मी घरी आणली आणि बाबांच्या हातात दिली. ते खिडकीशी बसले आणि शब्दाखाली बोट धरून वाचत गेले. स्वतःच्या नावापाशी बोट थांबलं, मग पुढे सरकलं. शेवटपर्यंत वाचून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"अक्षरं होती?"

"हो."

"मग तू तेव्हाच का नाही बोललीस? मी चाक बंद केलं असतं."

आई ओट्याशी उभी होती. मला पाच वर्षांत तयार केलेली कितीतरी उत्तरं आठवली आणि त्यांतलं एकही त्यांना कळेल अशा भाषेत नव्हतं.

सकाळी मी उठले तेव्हा बाबा अंघोळ करून, शर्ट घालून दारात बसले होते. रविवार होता. "त्या म्हाताऱ्यांकडे जायचंय," म्हणाले. आम्ही पश्चिमेला जाऊन उत्तनची बस पकडली. बसमध्ये गर्दी नव्हती. ते खिडकीशी बसले, मी शेजारी. राई गेलं, ते चर्च आलं. या वेळी मी पिशवीत काही शोधलं नाही. बाबांनीही मान वळवून बघितलं, चर्च मागे पडेपर्यंत.

"मी काय म्हणू त्यांना?"

"जे झालं तेच सांगा."

त्यांनी घसा साफ केला. "मी घासली," ते हळूच म्हणाले. मग थोडं थांबून, पुन्हा पहिल्यापासून, शाळेतल्या पोराने पाठ म्हणावा तसं, "मी घासली. मला वाटलं, ओरखडे आहेत."

पुढच्या बाकावरच्या बाईने मागे वळून पाहिलं. बाबांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. पाली येईपर्यंत ते तेवढंच म्हणत होते.